टेकडीवरचा कचरा उचलायला सुरुवात कशी करावी?

सकाळची फेरी :

नमस्कार. मी कोथरूडला राहते आणि गेली काही वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस पहाटे वेताळ टेकडीवर फिरायला जाते. वरच्या सपाटीवरून खाणीकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला वेफर्सची पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप आणि दारूच्या बाटल्या साचत चालल्या आहेत, आणि त्या पाहून रोज मनातल्या मनात चरफडण्यापेक्षा आपणच थोडे उचलावे, असे मला बरेच दिवस वाटत होते. (राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, हे त्या पुड्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.)

गेल्या महिन्यात एका रविवारी मी दोन मोठ्या पिशव्या घेऊन गेले, दीड तासात त्या भरल्या, आणि खाली उतरल्यावर पायथ्याच्या एका झाडाशी, जिथे आधीच थोडा कचरा पडलेला होता तिथे, तोंड बांधून ठेवल्या. कोणाची तरी गाडी येऊन त्या नेईल, अशी माझी समजूत होती. मंगळवारी पाहिले तर गायींनी आणि कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या होत्या व वाऱ्याने निम्मी पाकिटे पुन्हा चढावरच्या गवतात नेऊन टाकली होती. पूर्वी जे विखुरलेले होते त्याचा मी ढीग केल्यामुळे आणखी चार जणांनी आपल्या घरच्या पिशव्या तिथे आणून टाकल्या, ते वेगळेच.

तेव्हा हे काम नीट कसे सुरू करावे, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. एकटीने करावे की गट जमवावा, कोणाची परवानगी लागते का, हातात काय असावे, कशाला हात लावू नये, आणि मुख्य म्हणजे उचललेला कचरा न्यायचा कुठे? पावसाला जेमतेम महिना उरला आहे, त्यामुळे त्याआधी काही करता आले तर बरे.

पायवाट :

आपण केलेली चूक आमच्यापैकी बहुतेकांनी केलेली आहे, त्यामुळे तिचे फार वाईट वाटून घेऊ नये. मी सहा वर्षांपासून शहराच्या दुसऱ्या एका टेकडीवर हे काम करतो आणि माझा पहिला सल्ला असा आहे की, टेकडी साफ करायला जाऊ नये, टेकडीचा एक तुकडा साफ करायला जावे. दोन ओळखीच्या झाडांमधली दीडशे-दोनशे पावलांची वाट निवडावी आणि दर आठवड्याला तिथेच जावे. एकाच जागी पुन्हा पुन्हा गेल्यावर कोणता कचरा जुना आहे, कोणता नवा आहे, आणि नवा कोणत्या वारी पडतो, हे कळू लागते. शंभर माणसांनी वर्षातून एकदा येऊन, फलक धरून छायाचित्रे काढून गेल्याने हे कळत नाही. अशा मोहिमांना माझा विरोध नाही, पण त्यांच्या पाण्याच्या बाटल्या आणि नाश्त्याच्या कागदी ताटल्या दुसऱ्या दिवशी मीच उचललेल्या आहेत.

साहित्य फार लागत नाही. जाड रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती मोजे, म्हणजे घामाने हात चिकटत नाहीत. लांब दांड्याचा चिमटा. बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. पातळ काळ्या पिशव्या काट्यांत अडकून फाटतात, म्हणून धान्याची किंवा सिमेंटची रिकामी गोणी धुऊन वापरावी. काचेसाठी रंगाची रिकामी बादली न्यावी, कारण फुटलेली बाटली गोणीत टाकली की उतरताना ती आपल्याच पोटरीला लागते. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली, ते एकदा डॉक्टरांशी बोलून पाहून घ्यावे. गोणी नेहमी अर्धीच भरावी. वर असताना ती हलकी वाटते आणि मुरमाच्या उतारावर तीच आपल्याला खाली ओढते.

हात कुठे घालू नये, हे अधिक महत्त्वाचे आहे. दगड उलटू नये, कारण त्याखाली विंचू असतो, आणि गवताच्या बुंध्यात किंवा पाल्याच्या ढिगात हात घालण्याआधी चिमट्याने दोनदा चाळवावे. पुण्याच्या टेकड्यांवर घोणस आहे. कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार ऐकू आला तर पाकीट तिथेच सोडून मागे सरावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता, दंश झालेला अवयव हलू न देता, प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. इंजेक्शनच्या सुया दिसल्या तर त्या उचलू नयेत, जागा लक्षात ठेवून कळवावे. सुई टोचलीच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण एचआयव्हीच्या संसर्गापासून बचाव करणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली.

आता जे कचऱ्यासारखे दिसते पण कचरा नसते, त्याविषयी. अनेक ज्येष्ठ मंडळी रोपांना पाणी मिळावे म्हणून बुडाला भोक पाडलेल्या बाटल्या काठीला बांधून उलट्या टांगतात, आणि पक्ष्यांसाठी डब्यांत पाणी ठेवतात. माझ्या पहिल्याच वर्षी मी उत्साहाच्या भरात अशा अकरा बाटल्या काढून आणल्या आणि एका आजोबांची जी बोलणी खाल्ली, ती अजून आठवतात. तसेच सध्या टिटवीचा विणीचा काळ आहे. ती घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते, आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की पाऊल टाकले असेल त्याच वाटेने मागे यावे आणि तो भाग महिनाभर सोडून द्यावा, मग तिथे कितीही पाकिटे दिसत असोत.

पावसाआधी वेळ थोडा असेल तर पाकिटांपेक्षा कप, करवंट्या, वाट्या आणि उघड्या बाटल्या आधी उचलाव्यात. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासाच्या अळ्यांना कपभर पाणीसुद्धा पुरते, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

सुका-ओला :

मूळ प्रश्न कचरा न्यायचा कुठे हा आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. मी काही वर्षे कचरावेचकांच्या संघटनेबरोबर काम केले आहे. पुण्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हाताखाली प्रत्येक भागात आरोग्य कोठ्या असतात. सफाई सेवकांची हजेरी सकाळी तिथेच होते आणि तिथला मुकादम हा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे. एकही पाकीट उचलण्याआधी कोठीत जाऊन त्याला भेटावे आणि विचारावे की, ‘रविवारी सकाळी आमच्या दोन गोण्या सुका कचरा असेल, तो कोणत्या ठिकाणी आणि किती वाजेपर्यंत आणून दिला तर तुमच्या गाडीत जाईल?’ एवढे ठरल्याशिवाय काम सुरू करू नये. लेखी अर्ज, निवेदन यांची सुरुवातीला गरज नसते, आणि माझ्या अनुभवात निवेदन घेऊन येणाऱ्यापेक्षा वेळ विचारायला येणाऱ्याला अधिक चांगली वागणूक मिळते.

परवानगीविषयी सांगायचे तर वेताळ टेकडीचा बराच भाग वन विभागाकडे आहे. फिरताना चार पाकिटे उचलणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण दहा-पंधरा जण नियमाने येणार असतील तर त्या भागाच्या वनरक्षकाला आधी सांगून ठेवणे शहाणपणाचे असते. कोणता भाग विणीमुळे टाळावा आणि कुठे नवी रोपे लावली आहेत, हे त्यालाच ठाऊक असते. मोठ्या जमावाची गोष्ट वेगळी आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तर शंभराहून अधिक माणसे जमवणाऱ्याने कामाचे किमान तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे, असे सांगितले होते.

कचरा वरच वेगळा करावा, खाली आणून पुन्हा उपसत बसू नये. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या एका गोणीत, काच बादलीत आणि उरलेली पाकिटे दुसऱ्या गोणीत. बाटलीच्या प्लास्टिकपासून धागा बनतो, म्हणून तिला भंगारात भाव आहे. वेफर्सच्या पाकिटात मात्र प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा असे एकमेकांना चिकटवलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. नीट गोळा झालीच तर ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. टेकडीवर बाटल्यांपेक्षा पाकिटे जास्त दिसतात त्याचे एक कारण हेच आहे. बाटल्या कोणीतरी आधीच वेचून नेलेल्या असतात.

त्या ‘कोणीतरी’विषयी दोन शब्द. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या भागात पहाटे टेकडीच्या पायथ्याशी बाटल्या वेचणाऱ्या एखाद्या मावशी असतील तर आपली बाटल्यांची गोणी त्यांच्या हाती द्यावी. आपण हौसेने केलेल्या कामामुळे त्यांच्या त्या दिवसाच्या मिळकतीत खोट येऊ नये. सॅनिटरी पॅड किंवा डायपर सापडले तर वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यावे, म्हणजे पुढे हाताळणाऱ्याला आत काय आहे ते न उघडता कळते.

आणि काहीही झाले तरी जाळू नये. ‘एवढासा तर ढीग आहे’ म्हणून काडी लावणारे सज्जन मी पाहिले आहेत. पीव्हीसीसारखे प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात, आणि वाळलेल्या गवतात त्या एवढ्याशा ढिगाचा वणवा व्हायला वाऱ्याची एक झुळूक पुरते.

शंकासुर :

सर्वांच्या कष्टांबद्दल आदर बाळगूनही विचारतो. आपण उचलत राहणार आणि लोक टाकत राहणार, तर यातून साधते काय? उलट, कोणीतरी उचलतो आहे असे दिसले की टाकणारा निर्धास्त होतो, आणि ज्यांचे हे काम आहे त्या यंत्रणेवरचा दबावही कमी होतो. पाकिटे बनवणाऱ्या कंपन्यांना जाब न विचारता निवृत्त माणसांनी चिमटे घेऊन फिरणे मला तरी पटत नाही.

पायवाट :

आपली शंका मलाही पहिली दोन वर्षे सतावत होती, आणि ती अगदी खोटी आहे असे मी आजही म्हणणार नाही. मात्र माझ्या तुकड्यावर जे घडले ते सांगतो. मी एका वहीत दर फेरीला काय आणि किती सापडले, ते लिहू लागलो. तीन महिन्यांनी पाने उलटून पाहिली तर कपांची संख्या सोमवारी सर्वाधिक असे आणि ते सगळे एकाच आकाराचे होते. पायथ्याच्या एका चहाच्या टपरीवरून माणसे कप हातात घेऊन चढ चढत आणि चहा जिथे संपेल तिथे, म्हणजे बरोबर पहिल्या वळणावर, कप टाकत. टपरीवाल्याशी भांडण न करता मी त्याला वही दाखवली. त्याने वर चढणाऱ्यांना काचेच्या पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली, कारण पेला परत द्यावाच लागतो. कप संपूर्ण बंद झाले नाहीत, पण पूर्वी जिथे अर्धी गोणी भरत असे तिथे आता ओंजळभर सापडतात. वाकून उचलल्याशिवाय हे मला कळले नसते. कंपन्यांना जाब विचारायचा असला तरी कोणाची किती पाकिटे पडतात, याची नोंद कोणीतरी ठेवलेली असावी लागते. आपण ती घेऊन पत्रे लिहिणार असाल तर माझी वही आपल्याला देतो.

वेंगुर्ल्याचा :

पुण्याच्या टेकडीवर समुद्राचे काय काम, असे वाटेल, पण टेकडीवरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत गेलेल्या वस्तू शेवटी कुठल्या तरी किनाऱ्याला लागतात. पुण्याच्या नद्या पूर्वेला जातात, त्यामुळे तुमचा कचरा आमच्या वाट्याला येत नाही, एवढेच आमचे नशीब. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी एका शेजाऱ्याला सोबत घेऊन सफाई सुरू केली आणि दर शनिवार-रविवारी ती चालू ठेवली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. दोन माणसे आणि ठरलेला वार, एवढ्यावर सुरुवात होते.

किनाऱ्यावर करणाऱ्यांसाठी चार गोष्टी वेगळ्या आहेत. ओहोटीच्या वेळा पाहून जावे आणि भरतीच्या रेषेवर काम करावे, कारण लाटांनी आणलेले सर्व तिथेच साचते. शेवाळ, शिंपले आणि वाहून आलेली लाकडे उचलू नयेत. त्यांच्या आधाराने खेकडे आणि किनाऱ्यावरचे पक्षी जगतात. वाळूत अर्धे पुरलेले जाळे जोर लावून ओढू नये, आणि कोरड्या वाळूत पसरलेले जाळे तर एखाद्या रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासेमारी करणाऱ्याने, वाळत घातलेले असू शकते, म्हणून आधी गावात विचारावे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे आमच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला त्यांच्या संरक्षणाचे काम २००२ पासून चालू आहे. त्या काळात वाळू खणणे किंवा यंत्राने चाळणे टाळावे. पावसाळ्यात निळसर फुग्यासारखा जीव वाळूवर पडलेला दिसला तर ती प्लास्टिकची पिशवी समजून हात लावू नये. मेल्यानंतरही त्याच्या तंतूंचा दंश चांगलाच झोंबतो.

सकाळची फेरी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक अडचण राहिली आहे. एका वडाच्या बुंध्याशी लोकांनी देवांच्या जुन्या तसबिरी, फुटलेल्या काचा, निर्माल्य आणि प्लास्टिकचे हार आणून ठेवले आहेत, आणि त्याच वाटेवर कधी कधी नारळ, लिंबू, कुंकू लावलेला उतारा असतो. माझ्यासोबत यायला तयार झालेल्या दोघी जणी त्याला हात लावायला मुळीच तयार नाहीत. शिवाय शेजारची दोन मुले, वय नऊ आणि अकरा, येऊ म्हणत आहेत.

सुका-ओला :

उताऱ्याला हात लावण्याची सक्ती कोणावरही करू नये; नारळ-लिंबू आपोआप कुजते आणि खारी, मुंग्या त्याचा समाचार घेतात. त्याच्यासोबतची प्लास्टिकची पिशवी तेवढी चिमट्याने काढून घ्यावी. तसबिरींचे काम मात्र वेगळे आणि हळुवारपणे करावे. आम्ही त्यासाठी स्वच्छ कापडी पिशवी नेत असू, फ्रेम, काच आणि कागद तिथेच सुटे करत असू आणि कागद घरी आणून पाण्यात भिजवून त्याचा लगदा कुंडीच्या मातीत मिसळत असू. पाहणाऱ्या भाविकांना हे विसर्जनच वाटते, आणि माझ्या मते ते विसर्जनच आहे. फुले आणि पाने वेगळी करून निर्माल्य कलशात टाकावीत, प्लास्टिकचे हार पाकिटांच्या गोणीत.

मुलांना जरूर न्यावे, पण त्यांच्याकडे गोणी न देता वही द्यावी. मोजणारा आणि लिहिणारा माणूस काच उचलायला वाकत नाही.

सकाळची फेरी :

काल पहिली फेरी झाली, म्हणून कळवते. शुक्रवारी कोठीत जाऊन आले होते. मुकादमांनी आधी मी तक्रार घेऊन आले आहे असे समजून खुर्चीही दिली नाही, पण वेळ विचारल्यावर साडेआठच्या आत गोण्या कोठीच्या फाटकाशी आणून द्यायला सांगितले. आम्ही तिघी आणि दोन मुले पावणेसहाला चढलो आणि खाणीच्या अलीकडची, दोन बाभळींमधली वाट निवडली. पाकिटांची एक गोणी, बाटल्यांची अर्धी आणि पाऊण बादली काच निघाली. मुलांनी वहीत १८७ पाकिटे आणि ४३ कप लिहिले आहेत, शिवाय ‘एक चप्पल, डावी’ अशी स्वतंत्र नोंद आहे. वडाखालच्या तसबिरी पुढच्या खेपेसाठी ठेवल्या. एका जागी टिटवी ओरडायला लागल्यावर मुले माझ्याआधी मागे फिरली. आठ वाजून दहा मिनिटांनी गोण्या कोठीत पोचल्या आणि आमच्यादेखत गाडीत चढल्या.

एकच तक्रार आहे. मी ऑनलाइन मागवलेल्या चिमट्याची प्लास्टिकची मूठ पहिल्याच तासात तुटली आणि तीही गोणीतच गेली. टिकाऊ चिमटा कुठे मिळतो?

पायवाट :

हॉटेलांना लागणारी भांडी विकणाऱ्या दुकानात तंदूरभट्टीचा लांब लोखंडी चिमटा मागावा. माझा पाच वर्षे चालला आहे. टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ओढून बसवावेत, म्हणजे काच निसटत नाही.